वेसावे

वेसावे : (वर्सोवा). महाराष्ट्र राज्याच्या मुंबई उपनगर जिल्ह्यातील अरबी समुद्रकाठचे एक जुने कोळी गाव व त्याभोवती वाढलेली उपनगरी वस्ती. हे अंधेरी रेल्वेस्थानकाच्या वायव्येस सु. ५ किमी. अंतरावर, साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाड खाडीच्या मुखाशी वसले आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत व अंधेरी तालुक्यात मोडते. मुंबईच्या मासळीपुरवठ्यातील एक प्रमुख बंदर म्हणून वेसाव्याचा निर्देश केला जातो. महानगराने वेढलेल्या मच्छीमार गावाच्या स्थित्यंतराचे उदाहरण म्हणूनही ते अभ्यसनीय आहे.

नाव व व्याप्ती : स्थानिक लोक गावाचा उल्लेख ‘वेसावे’ अथवा ‘वेसावा’ असा करतात. हे नाव ‘विसावा’ या शब्दापासून आले, असे सांगितले जाते. ही लोकव्युत्पत्ती होय. ‘वर्सोवा’ हे रूप युरोपीय लेखनातून रूढ झाले व पुढे शासकीय व्यवहारात स्थिरावले. आज ही दोन्ही रूपे प्रचारात असली, तरी त्यांची व्याप्ती एक नाही. ‘वेसावे’ म्हणजे खाडीच्या मुखाशी असलेला कोळीवाडा. तर ‘वर्सोवा’ या नावात यारी रस्ता, सात बंगले, चार बंगले इ. वस्त्यांचाही समावेश सामान्यतः केला जातो. मेट्रो रेल्वेचे ‘वर्सोवा’ हे स्थानक मूळ गावापासून सु. २ किमी. आत आहे. नावातील हा भेद म्हणजे एकाच भूमीवर नांदणाऱ्या दोन वस्त्यांमधील भेद असून, या परिसरातील बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यात सापडते.

भूरचना व हवामान : दक्षिणेकडून उत्तरेकडे निमुळत्या होत गेलेल्या एका वाळूच्या दांड्याच्या टोकाशी वेसावे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस खुला समुद्र व पुळण, पूर्वेस व उत्तरेस मालाड खाडी आणि खाडीपलीकडे मढचे भूशिर, अशी त्याची रचना आहे. पश्चिमेकडील पुळण सु. २·५ किमी. लांब आहे. मासेमारी नौकांना आवश्यक असणारा निवारा खाडीच्या बाजूस मिळतो व मासळी सुकविण्यास लागणारी वाळवंटी जागा समुद्राच्या बाजूस मिळते. गाव नेमके याच ठिकाणी वसण्याचे कारण या दुहेरी सोयीत आहे.

पूर्वेकडील टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगाव–जोगेश्वरीच्या वस्तीतून वाहत येऊन मालाड खाडीस मिळते. खाडीच्या दोन्ही काठांवर खाजण जमीन व तिवरांची वने असून, भरतीचे पाणी त्यांत दूरवर शिरते. उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मी.पेक्षा अधिक अंतर पडते. परिसरातील खडक दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झालेले असून, अंधेरीतील सु. ६१ मी. उंचीची गिल्बर्ट टेकडी ही उभ्या स्तंभाकार बेसाल्टचा प्रसिद्ध नमुना आहे. हवामान सम व दमट असून पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्याचे वार्षिक सरासरी प्रमाण २,२०० मिमी.हून अधिक आहे.

इतिहास : साष्टी बेटावरील वस्ती प्राचीन आहे. जवळच्या जोगेश्वरी येथील शैव लेणे सु. सहाव्या शतकातील मानले जाते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टीचाही समावेश होता. त्यानंतरची सु. दोन शतके हा किनारा पोर्तुगीज अंमलाखाली होता. खाडीच्या मुखावर देखरेख ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला ‘वेसाव्याचा किल्ला’ म्हणून कागदोपत्री ओळखला जातो. तथापि तो वेसावे गावात नसून समोरच्या मढ येथे आहे व मढचा किल्ला असेही त्यास म्हणतात. किल्ला व गाव यांचे हे एकत्र नाव लक्षात घेता, खाडीचे दोन्ही काठ एकाच बंदराचे भाग समजले जात असावेत.

चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीवर स्वारी केली. वेसाव्याचा किल्ला १७३९ च्या प्रारंभी त्यांच्या हाती आला व त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली. सालबाईच्या तहाने (१७८२) ती त्यांच्याकडे कायम राहिली.

इंग्रजी अंमलात साष्टीचा मुंबई शहराशी संबंध हळूहळू दृढ होत गेला. माहीमचा बांध १८४५ मध्ये पूर्ण झाला व १८६७ मध्ये विरारहून मुंबईस नियमित उपनगरी गाडी सुरू झाली. तीमुळे अंधेरीपासूनचा शहराचा प्रवास सुलभ झाला, तरी वेसावे हे रेल्वेमार्गापासून दूर खाजणापलीकडे असल्याने दीर्घकाळ स्वतंत्र गावच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईतील धनिक व काही संस्थानिक यांनी हवापालटासाठी या किनाऱ्यावर बंगले बांधले. सात बंगले व चार बंगले ही स्थलनामे त्यांवरूनच पडली. मूळ बंगल्यांपैकी बहुतेक आता नामशेष झाले आहेत.

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा वेसावे शहरात समाविष्ट झाले. १९५७ मध्ये ही हद्द दहिसरपर्यंत जाऊन खाडीपलीकडील मढ व त्याच्या उत्तरेची गावेही तिच्यात आली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

मासेमारी : वेसाव्याचे मूळ रहिवासी प्रामुख्याने सोनकोळी समाजाचे असून, मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे. येथील मासेमारीत डोल जाळ्याला विशेष महत्त्व आहे. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे लांब जाळे असते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधून त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर उघडे ठेवतात. प्रवाहाबरोबर आलेली मासळी निमुळत्या टोकाकडे जमा होते व पाणी पालटण्यापूर्वी जाळे ओढून घेतले जाते. हे जाळे मासळीचा पाठलाग करीत नाही, तर प्रवाहाची वाट पाहते. म्हणून या मासेमारीचे वेळापत्रक चंद्राच्या कलांवर अवलंबून असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे उधाण हा कामाचा काळ, तर अष्टमीच्या सुमाराचे भांग हा जाळी दुरुस्त करण्याचा व विसाव्याचा काळ होय.

डोल जाळ्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली इ. मासळी मिळते. यांपैकी बोंबील (हार्पाडॉन नेहेरियस) हा मुंबई व सौराष्ट्र किनाऱ्यांवर विपुल आढळणारा मासा आहे. त्याच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सु. ९० टक्के असल्यामुळे तो लवकर नासतो. यासाठी विकून उरलेला बोंबील सुकवावा लागतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या वलांडीवर टांगतात. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळवितात. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत हे काम चालते. त्यास मोठी, मोकळी, वाऱ्याची व समुद्रालगतची जागा लागते. ही जागा कोणा एका कुटुंबाच्या मालकीची नसून गावाच्या सामाईक वापरातील असते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर होड्यांना यंत्रे बसविण्यास आरंभ झाला आणि सहकारी संस्थांमार्फत इंधन, बर्फ, कर्ज यांची सोय होऊ लागली. पुढे ट्रॉलरद्वारे खोल पाण्यातील मासेमारीही वाढली व कोळंबी, पापलेट, हलवा इ. निर्यातयोग्य मासळीस महत्त्व आले. नौकेचा मालक नाखवा व तिचा प्रमुख तांडेल यांच्याबरोबर पूर्वी घरातील अथवा गावातील माणसेच खलाशी म्हणून जात. अलीकडे बाहेरील जिल्ह्यांतून व परराज्यांतून आलेले खलाशीही मोठ्या संख्येने काम करतात.

मासळी किनाऱ्यास लागल्यानंतरचा व्यवहार मुख्यतः स्त्रियांच्या हाती असतो. मासळीची निवड, लिलावातील खरेदी, सुकवणी आणि अंधेरी, जुहू, विलेपार्ले इ. उपनगरांच्या बाजारांतील विक्री ही सर्व कामे कोळी स्त्रिया करतात. पैशाचा हिशेब त्यांच्याकडे असल्याने कुटुंबात व समाजात त्यांना महत्त्वाचे स्थान लाभले आहे.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्याच्या जलधी क्षेत्रातील मासेमारीचे नियमन होते. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या एकसमान बंदीचे धोरण स्वीकारण्यात आले. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले. परंपरेने मात्र समुद्रात पुन्हा जाण्याचा दिवस नारळी पौर्णिमेनंतरचा मानला जातो. ही तिथी ऑगस्टमध्ये पुढेमागे येत असल्याने शासकीय व पारंपरिक दिनदर्शिका नेहमी जुळत नाहीत.

मत्स्यव्यवसायाच्या उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणूनही वेसावे प्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था येथे असून, ती १९७९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत आली व १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

समाजजीवन : कोळीवाडा मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, शिव गल्ली अशा गल्ल्यांत विभागलेला आहे. गल्ली हा केवळ रस्ता नसून सण, वर्गणी, वाद्यपथक व परस्परसाहाय्य यांचा तो घटक असतो. घरे एकमेकांस लागून असतात. जाळी विणण्यासाठी व मासळी निवडण्यासाठी ओटा व अंगण यांचा उपयोग होतो. हिंगळादेवी ही येथील एक महत्त्वाची देवता आहे. शिमगा व नारळी पौर्णिमा हे प्रमुख सण होत. नारळी पौर्णिमेस मिरवणुकीने जाऊन समुद्रास नारळ अर्पण करतात. येथील कोळीगीते व नृत्ये ध्वनिमुद्रिकांद्वारे महाराष्ट्रभर पोहोचली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून गावात भरविल्या जाणाऱ्या सागरी खाद्यमहोत्सवामुळे शहरातील लोकांना कोळी पाककृतींचा परिचय झाला.

परिसरातील गावे : वेसाव्याच्या उत्तरेस खाडीपलीकडे मढ हे कोळ्यांचे मोठे गाव असून, डोल मासेमारी व सुकी मासळी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मढच्या किल्ल्याजवळ किल्लेश्वर मंदिर आहे. दोन्ही गावांमधील जलमार्ग अवघ्या काही मिनिटांचा असला, तरी खुष्कीच्या मार्गाने मालाडवरून जाण्यास सु. २० किमी.चा वळसा पडतो; त्यामुळे येथील फेरीबोटीचे महत्त्व टिकून आहे. मढच्या उत्तरेस भाटी, एरंगळ, आक्सा, मार्वे, मालवणी इ. गावे आहेत. एरंगळ येथील संत बोनाव्हेंचरचे चर्च सोळाव्या शतकातील असून जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते. तीत ख्रिस्ती भाविकांबरोबरच कोळी व इतर हिंदूही सहभागी होतात. या भागातील स्थानिक ख्रिस्ती ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखले जातात. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये स्वीकारले. त्यांच्या बोलीचे मूळ मराठीत असून आडनावे व धर्माचार पोर्तुगीज काळातील आहेत. मार्वेजवळ भारतीय नौदलाचा ‘हमला’ हा तळ आहे.

वेसाव्याच्या दक्षिणेस जुहू आहे. तेथील विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला, जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन केलेले विमानोड्डाण येथेच संपले. पूर्वेकडील आंबिवली, आंबोली, ओशिवरे ही पूर्वी शेतीची गावे होती. त्यांच्या भातखाचरांच्या जागी आता दाट वस्ती झाली असून, जुनी नावे महसुली कागदपत्रांत, रस्त्यांच्या नावांत व गावठाणांतील मोजक्या घरांपुरती उरली आहेत. शेती गेल्यावर ही गावे नाहीशी झाली. वेसावे व मढ टिकली, कारण त्यांचे शेत समुद्रात होते.

उपनगराची वाढ : अंधेरी–वर्सोवा रस्ता (सध्याचा जयप्रकाश मार्ग) हा दीर्घकाळ गावाचा एकमेव प्रमुख दळणवळण मार्ग होता. १९७० नंतर व विशेषतः १९८० च्या दशकात अंधेरीच्या पश्चिमेकडील खाजण जमिनींवर भराव घालून मोठी गृहसंकुले उभारली गेली. लोखंडवाला संकुल हे त्यांपैकी सर्वांत परिचित होय. चित्रपट व दूरचित्रवाणी व्यवसायांतील अनेक कलावंत व तंत्रज्ञ या भागात राहू लागले. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा ११·४ किमी. लांबीचा मुंबईतील पहिला मेट्रो मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला व पूर्व उपनगरांशी थेट संपर्क साधला गेला. वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूचे काम हाती घेण्यात आले असून, वर्सोव्याहून उत्तरेस भाईंदरकडे जाणारा किनारी मार्ग व मढ–वर्सोवा पूल यांचेही नियोजन झाले आहे. मच्छीमार संघटनांनी सेतूच्या खांबांमुळे नौकांच्या वाटेस व जाळ्यांच्या जागेस अडथळा येईल, अशी भूमिका मांडली आहे.

किनारा व पर्यावरण : भराव, सांडपाणी व घनकचरा हे येथील खाडीपुढील प्रमुख प्रश्न होत. पश्चिम उपनगरांतील नाले व ओशिवरा नदी यांचे पाणी मालाड खाडीत येते. त्याबरोबर येणारा गाळ मुखाशी साचतो व ओहोटीच्या वेळी नौका बाहेर काढणे कठीण होते. कचरा, मुख्यतः प्लॅस्टिक, डोल जाळ्यात मासळीबरोबर येतो. जाळे स्थिर असल्यामुळे तो टाळण्याचा उपाय मच्छीमारांच्या हाती नसतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. या महापुरानंतर तिवरांच्या व खाजणांच्या पूरनियंत्रक कार्याकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. भरतीचे व पुराचे पाणी सामावून घेणे, किनाऱ्याची धूप रोखणे व कोळंबीसारख्या जीवांच्या पिलांना आसरा देणे, ही कामे तिवरे करतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम व २०१८ च्या अंतिम निर्णयाद्वारे राज्यातील तिवरतोडीस मनाई केली; सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली.

पुळणीवरील कचरा दूर करण्याची नागरिकांची मोहीम ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तीत लक्षावधी किग्रॅ. कचरा हलविण्यात आला व २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सन्मान मिळाला. मार्च २०१८ मध्ये या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना आढळली. तथापि शहरातील नाल्यांतून येणारा कचरा उगमापाशी थांबत नाही, तोपर्यंत दर भरतीबरोबर तो परत येत राहतो, असा अनुभव आहे.

जमिनीचा प्रश्न : किनारी क्षेत्रातील बांधकामावर १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने प्रथम व्यापक निर्बंध घातले. त्यांचा हेतू किनाऱ्याच्या रक्षणाचा असला, तरी वाढत्या कुटुंबांसाठी घरांची दुरुस्ती व विस्तार करण्यात कोळीवाड्यांनाही अडचणी आल्या. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी विशेष तरतूद करण्यात आली. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या संबंधित अभिलेखांत नोंदलेल्या कोळीवाड्यांचे स्वतंत्र आरेखन करून तेथील घरांच्या बांधकामास व पुनर्बांधणीस स्थानिक नियमांनुसार वाव देण्यात आला. यानंतर २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली.

या तरतुदींत नोंदीस निर्णायक महत्त्व आहे. घर, गल्ली व देऊळ यांच्या सीमा नकाशावर दाखविता येतात. परंतु वलांड्यांची जागा, जवळा वाळविण्याची पुळण, नौका ओढून ठेवण्याचा उतार, जाळी पसरण्याचे मैदान व खाडीतील वाट यांचा वापर ऋतू व भरती यांप्रमाणे बदलतो. वर्षातील काही महिने त्या रिकाम्या दिसतात. गावठाणाच्या रेषेबाहेर असल्यामुळे त्यांची नोंद बहुधा गावाच्या नावे नसते. उपनगराच्या दृष्टीने मोकळी जमीन म्हणजे न वापरलेली जमीन. मच्छीमार गावाच्या दृष्टीने तीच कामाची जमीन होय. म्हणून मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाच्या मागणीत घरांच्या जागेबरोबर या सामाईक जागांचाही आग्रह धरला जातो. वेसाव्यास किनारा व खाडी यांवरील हा वापर टिकविता आला, तर ते मासेमारी बंदर म्हणून राहील. तो गेल्यास आंबिवली व ओशिवऱ्याप्रमाणे त्याचेही केवळ नाव उरण्याचा संभव आहे.